पाडवा ते पाडवा

फायनल आम्ही नऊ गुणांनी हरलो. हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे उगाच कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. ही गोष्ट फायनलची नाहीच. ती फायनलच्या आदल्या दिवसाची आहे, आणि तो दिवस पाडव्याचा होता.

मी सोमेश्वर, राहणार राजूर. 'राजूर गजराज' या बास्केटबॉल संघाचा मॅनेजर. मॅनेजर हे कागदावर. एरवी मी रामराव मामांचा भाचा. मामांची साठ एकर जमीन आणि बी-बियाण्यांचं दुकान अठरा वर्षं मीच सांभाळतो. मामा आमच्या घरापुढे गाडी उभी करतात, खाली न उतरता हॉर्न वाजवतात आणि मी तोंडातला घास तसाच घेऊन धावतो. पहिल्या हॉर्नला चपला, दुसऱ्या हॉर्नला गाडीत.

माझी बायको वंदना दर पाडव्याला एकच प्रश्न विचारते. "सालगड्याला निदान वर्सातून एकदा तरी इचारतेत, राह्यतो का म्हून. तुम्हाला कव्हा इचारलं कोन्ही?"

"घरच्या माणसाला कोण इचारतं?"

"हाव, तेच म्हन्ते मी," असं म्हणून ती भाकरी जरा जास्तच जोरात थापते.

मी हसून सोडून द्यायचो. पण ते लागायचं. अठरा वर्षांत हजार कामं सांगितली मामांनी, विचारलं एकही नाही.

संघाचं असं झालं की अंबडच्या राजानंदशेठनी जिल्हा लीगमधला अंबडचा संघ घेतला. ते मामांचे धंद्यातले जुने वैरी. त्यांच्याकडे कापसाचं जे वाण असेल, त्याच्या वरचं मामांच्या दुकानात असलंच पाहिजे. तेव्हा राजानंदशेठकडे संघ आहे म्हटल्यावर आठ दिवसांत मामांकडेही संघ आला. बास्केटबॉल हाताने खेळतात की पायाने, हे मामांना संघ घेतल्यावर कळलं.

लीगचा नियम सोपा. प्रत्येक संघाला हंगामाला शंभर पॉइंट. त्यात बसतील तेवढ्या खेळाडूंशी करार करायचे. चांगला खेळाडू महाग, साधा स्वस्त. एकदा करार केला की तो संपेपर्यंत तेवढे पॉइंट अडकले. मामांची नजर पहिल्या दिवसापासून एकाच माणसावर होती. पिंपळगाव रेणुकाईचा करण, साडेसहा फूट. पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत खेळायचा आणि पुढच्या हंगामात मोकळा होणार होता. तो सत्तरच्या खाली येणार नाही, राजानंदशेठनी तेवढे कबूलही केले आहेत, अशी कुजबुज होती.

"मंग आपुन ऐंशी देऊ," मामा म्हणाले. "यंदा सस्त्यातले पाच धर. एकाच सालाचा कागद कर. यंदा हारलो तरी चालंन. पुढच्या साली शंभरच्या शंभर मोकळे पाह्यजेत मला."

अडचण एकच होती, आणि ती मामा बोलत नव्हते. करण हा राधाकिसनचा मुलगा. राधाकिसनची मूळची मेंढरं, पण नऊ वर्षं तो मामांच्या शेतात सालगडी होता. तो असताना आमचं एक झाड वाळलं नाही की बैल आजारी पडला नाही. आमच्याकडे जुनी रीत अशी, की सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. त्या सकाळी गडी आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून आपल्या दारात बसतो. मालकाला तो हवा असेल तर मालक स्वतः येतो आणि विचारतो, राहतोस का? मामांनी ही रीत उलटी फिरवली होती. गड्यांनीच त्यांच्या अंगणात येऊन बसायचं. बारा वर्षांपूर्वीच्या पाडव्याला राधाकिसन असाच सकाळी सातपासून बसला होता. दुपारी बारा वाजता मामांनी आतूनच निरोप पाठवला, की दुसरे दोघं तयार आहेत, राहायचं तर गेल्या सालाएवढ्यावरच राहा. राधाकिसन उठला, धोतर झटकलं आणि पिंपळगावला मेंढरांकडे निघून गेला.

तो निरोप घेऊन मी गेलो होतो. राधाकिसनचा चेहरा मला अजून दिसतो.

असो. मी सस्त्यातले पाच धरले, आठ-आठ पॉइंटांना एक. कॅप्टन भुजंग, आमचा वायरमन. बाकी एक पीटीचे सर, एक एसटीतला कंडक्टर, एक मोसंबीचा व्यापारी आणि एक बँकेतला शिपाई. पाचांचे मिळून चाळीस झाले; उरलेले साठ मी तसेच पडू दिले, कारण दुसऱ्या कोणाला घेऊच नको असा हुकूम होता. राखीव खेळाडू गावातलेच, त्यांना पॉइंट लागत नाहीत.

करार लिहायला मी बसलो. अठरा वर्षं मी सालगड्यांचे कागद लिहिलेले. कपाटात मजकुराच्या झेरॉक्स पडलेल्या होत्या. त्यावर नावं घातली, एक ओळ वाढवली आणि पाचांच्या सह्या घेऊन लीगच्या ऑफिसात देऊन आलो. तिथे त्यांनी शिक्का मारला. वाचलं कोणीच नाही.

आणि मग आम्ही जिंकायला लागलो.

याला मी काहीही केलेलं नाही. भुजंगला खांबावर चढायची सवय, त्यामुळे तो उडी मारायचा तेव्हा खाली यायचं विसरला की काय असं वाटायचं. कंडक्टर भरल्या गाडीत मागून पुढे जावं तसा पाच जणांच्या गर्दीतून कोणालाही धक्का न लावता पार व्हायचा. परतूरविरुद्ध शेवटचं मिनिट चालू असताना आमचे पीटीचे सर चिडून "सावधान!" असं ओरडले, आणि परतूरचे दोघं, जे त्यांचेच जुने विद्यार्थी होते, हात मांड्यांना चिकटवून उभे राहिले. तेवढ्यात शिपायाने बॉल टाकला. पंच म्हणाले, नियमात कुठे लिहिलेलं नाही.

मला त्या पाचांचा लळा लागला. दर रविवारी डबे घेऊन मी त्यांच्याबरोबर जालन्याला जायचो. त्यांच्या गुडघ्यांना मलम मीच लावायचो. साठ एकरांतलं एक ढेकूळ माझं नव्हतं, पण हे पाच मी स्वतः निवडले होते. जन्मात पहिल्यांदा काहीतरी मी उभं केलं होतं.

फायनल मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठरली होती, अंबडविरुद्ध. पण मैदान कृषी प्रदर्शनाला दिलं. मग प्रमुख पाहुण्यांना वेळ नव्हता. सरकत सरकत तारीख पाडव्याच्या दुसऱ्या दिवसावर आली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी वंदना कपाट आवरत होती. हातात एक कागद घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"अहो, हे काय लिव्हलं तुम्ही? 'मुदत: पाडवा ते पाडवा'."

"बराबर हाये. एका सालाचा कागद."

"उद्या पाडवा हाये."

"हाव."

"आन् फायनल परवा."

बाकीच्या सगळ्या संघांचे करार एकतीस मेपर्यंत होते. जिल्ह्यात एकट्या राजूर गजराजचे खेळाडू उद्या सूर्य उगवला की मोकळे होणार होते. यंदाचे उरलेले साठ आता चालणार नव्हते; मोकळ्या खेळाडूला पुन्हा घ्यायचं तर पॉइंट पुढच्या हंगामाचे जाणार. म्हणजे फायनल खेळायची तर पाचांवर चाळीस खर्ची पडणार, आणि करणसाठी उरणार साठ. इकडे राजानंदशेठ सत्तर घेऊन बसलेले.

वंदना पुढे वाचत होती. "'कामाचा तपशील: बास्केटबॉल खेळणे, गोठ्यातील शेण-झाड करणे व मालक सांगतील ते.' भुजंगभाऊला शेण काढायला लावता का काय?"

पाडव्याला मी गुढी उभारली, कडुलिंबाचा पाला गुळाबरोबर कसाबसा गिळला आणि भुजंगच्या घराकडे पळालो. पाहतो तर अंगणात सतरंजीवर पाचही जण आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, मांडी घालून बसलेले.

"तुम्हाला कळलं वाटतं," मी म्हणालो.

"सकाळीच कळलं," भुजंग म्हणाला. "राजानंदशेठची गाडी येऊन गेली. त्याइनं लीगच्या हापिसातून कागदाची नक्कल काढली. ईस-ईस पॉइंट देतो म्हन्ले एकेकाला. अट एकच, उद्या खेळायचं न्हाई."

अंबडलाही शंभरच पॉइंट. पाचांना वीस-वीस दिले तर करणसाठी त्यांच्याकडे शून्य. म्हणजे शेठना फायनल इतकी हवी होती, की ते करणलाही सोडायला तयार झाले होते. "मंग तुम्ही काय म्हन्ले?"

"म्हन्लं, दिवस मावळायच्या आत सांगतो. आज पाडवा हाये. आधी जुन्या मालकाची वाट पाह्यची असती."

"मी आलो ना!"

भुजंगने माझ्याकडे पाहिलं. माणूस चांगला, त्यामुळे नजरेत कीव होती. "सोमेश्वरभाऊ, तुम्ही आमचेच. पन कागदावर मालक कोन लिव्हलंय? त्याइनं सोता यावं, इचारावं. पॉइंट वाढवा म्हनत न्हाई आम्ही. आठचे आठ राहू द्या. पन इचारावं."

मी मामांना फोन लावला. सगळं सांगितलं, फक्त अंबडला आता करण परवडणार नाही, हे सांगायच्या आधीच ते गरजले.

"सोड ना मंग त्याइला! बिलकुल सोड! फायनल गेली खड्ड्यात. मी पिंपळगावला निघालोय करणचं पक्कं करायला. जल्दी ये घरी."

मी घरी पोचलो तर हॉर्न वाजतच होता. दुसऱ्या हॉर्नला मी गाडीत होतो. मागे वळून पाहिलं तर वंदना दारात उभी, तोंडात पदर. ती हसत नव्हती.

पिंपळगावला राधाकिसनचं आता दोन खोल्यांचं पक्कं घर आहे. मागे काटेरी कुंपणाच्या वाडग्यात मेंढरं. अंगणात बाजेवर करण झोपलेला होता आणि त्याच्या पायांसाठी बाजेच्या टोकाला एक स्टूल लावलेलं होतं. मामा हातात फळांची करंडी घेऊन उतरले. राधाकिसन गुढीची काठी बांधत होता.

"या, रामराव," तो म्हणाला. नऊ वर्षं मालक म्हणणारा माणूस. मामांच्या मिशीला एक झटका बसला.

"करणच्या कागदाचं बोलायचं व्हतं."

"बोलू की. बसा. बारा वाजता बोलू."

घड्याळात सव्वादहा झाले होते. राधाकिसन आत निघून गेला. त्याच्या बायकोने, आशाबाईने, पाणी आणून दिलं, तांब्या ठेवला आणि तीही गेली. मामा पायरीवर बसले. ऊन पायरीवर आलं तसे थोडे सरकले. ऊन मागे आलं, ते अजून सरकले. एक मेंढरू करंडीतली केळी खाऊन गेलं. मामा घड्याळ बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, आणि मी गुढीकडे बघायचो. त्या पावणेदोन तासांत मामांना सगळं आठवलं असणार, कारण एकदा ते हळूच म्हणाले, "त्या साली लई ऊन व्हतं का रे?"

"लई व्हतं मामा," मी म्हणालो.

बरोबर बाराला राधाकिसन बाहेर आला. करणही उठून बसला.

"ऐंशी देतो," मामा घाईने म्हणाले. "अंबडवाले सत्तर म्हन्ले असतेन."

"ते पॉइंट-बिइंट मला कळत न्हाई. एक सांगा. तुमचे पाच गडी हायेत ना, जे यंदा खेळले? ह्या करणनं दावले मला मोबाईलवर. झ्याक खेळतेत. ते आज कुठं हायेत?"

मामांनी करंडी पुढे सरकवली. मग मीच सांगितलं. "भुजंगच्या अंगणात बसलेत. सकाळपासून."

"कोन्ही गेलं का इचारायला?"

"त्याइला सोडलं म्हून तर तुह्या पोरासाठी जागा झाली!" मामा एकदम म्हणाले. त्यांना वाटलं, हे ऐकून राधाकिसन खूश होईल.

राधाकिसन पायरी उतरून मामांसमोर आला. "पाचजनाइनं फायनलपोत आनून दिलं, आन् तुम्ही त्याइला आदल्या दिशी सोडलं. मंग माह्या करणचा पाय मोडला त्या दिशी त्याला कितव्या मिनिटाला सोडसान?"

करण पहिल्यांदाच बोलला. आवाज अगदी बारीक होता, एवढ्या उंचीच्या माणसाला शोभेना. "त्या वायरमनबराबर खेळायचं म्हून तर मी राजूरला यायचं म्हनत व्हतो. तेच नसतीन तर काहून येऊ?"

"आन् पॉइंट?" मामांनी विचारलं.

"उरतीन तेवढे द्या."

साठ उरत होते. मामांनी मनातल्या मनात वजाबाकी केली, ओठ हलताना मला दिसले. मग ते माझ्याकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सोमा, तू हो म्होरं. गाडी घेऊन जा. भुजंगला सांग, मामानं ठेवलं म्हनाव तुम्हाला."

राधाकिसन माझ्याकडे बघत होता. बारा वर्षांपूर्वी बघितलं होतं तसंच. माझे कान तापले. मी उठलोही होतो, सवयीने. चपलेत पाय गेला होता.

"न्हाई मामा," मी म्हणालो.

"काय न्हाई?"

"मी निरोप घेऊन जानार न्हाई. एकदा नेल्ता. तुम्ही चला."

मामांना नाही हा शब्द माझ्या तोंडून माहीतच नव्हता. त्यांनी तो समजून घ्यायला वेळ घेतला. वाटलं, आता अठरा वर्षं संपली. पण मामा उठले, करंडी उचलली, तिच्यात एक सफरचंद उरलं होतं ते बघितलं आणि गाडीत जाऊन बसले. मागच्या सीटवर. मी चालवायला बसलो.

पाच जण सतरंजीवर तसेच होते, फक्त इस्त्री मोडली होती. मामा गाडीतून उतरले. अंगणात आले. खाकरले. मग ते शब्द त्यांच्या तोंडातून असे आले, की दाढ काढताना माणूस याहून मोकळेपणी बोलत असेल.

"राह्यता का?"

"आँ?" मागून कंडक्टर म्हणाला. "मागं ऐकू न्हाई आलं."

"राह्यता का म्हन्लं! पुढच्या साली. माह्याकडं."

भुजंग उठला, मामांच्या पाया पडला. "राह्यतो की मालक. एवढंच तर पाह्यजे व्हतं."

मामांनी मोठ्या मनाने दहा-दहा पॉइंट देऊ केले. मी मागून त्यांचा सदरा ओढला, कारण मग करणला पन्नासच उरले असते. पण भुजंगच म्हणाला, आठ पुरे, करण आल्यावर आपल्याला पळायला कमी लागेल. त्याची अट वेगळीच होती. शेण-झाडीचं कलम खोडा. आणि मुदत आहे तशीच ठेवा, पाडवा ते पाडवा. दर साली मालकाने यायचं. फोनवर करणनेही तेच सांगितलं. म्हणजे मामांना दर पाडव्याला सहा घरांत जाऊन विचारावं लागणार होतं. ते म्हणाले, ठीक आहे. चेहरा ठीक नव्हता.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वंदनाला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि गुढी उतरवत होती. तांब्या हातात घेऊन म्हणाली, "सहा झाले. सातवा?"

आत गेलो, हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला आणि ओट्यावर येऊन बसलो. मांडी घालून. असं मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो.

थोड्या वेळाने रस्त्यावर गाडी थांबली. टीमला घेऊन संध्याकाळीच जालन्याला निघायचं ठरलं होतं. हॉर्न वाजला. माझा पाय आपोआप चपलेकडे गेला. मी तो परत घेतला.

दुसरा हॉर्न वाजला, लांब. वंदना दारात थांबली होती, गुढीचं पातळ हातावर घेऊन. शेजारची माणसं बघायला लागली, कारण दुसऱ्या हॉर्नला मी न दिसणं ही राजूरमध्ये नवीच गोष्ट होती.

तिसरा हॉर्न वाजला नाही. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मामा फाटकातून आत आले, गेल्या अठरा वर्षांत पहिल्यांदा. ओट्यापाशी थांबले, चपलेच्या टोकाने माती उकरली आणि मातीकडेच बघत म्हणाले, "सोमा... राह्यतो का?"

मला एकदम भरून आलं. राहतो मामा, कुठे जातो, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात वंदनाने ओट्यावर सतरंजी टाकली.

"बसा मामा," ती म्हणाली. "दिवस मावळायला अजून अर्धा घंटा हाये."